फरकाचा अर्ज

गाडीचा भाव उतरल्याची बातमी आमच्या घरात सगळ्यात आधी मला कळली आणि मी ती चार दिवस पोटात ठेवली. शाळेच्या स्टाफरूममध्ये भूगोलाच्या सरांनी मोबाईल पुढे केला. "मॅडम, तुमचीच गाडी ना ही?" गाडी तीच होती, रंगही तोच. फक्त आम्ही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घेतली त्यापेक्षा एक लाख ऐंशी हजारांनी स्वस्त, आणि एका चार्जिंगमध्ये पंचाहत्तर किलोमीटर जास्त पळणारी. आमच्या गाडीला पुरते नऊ महिनेही झाले नव्हते.

सर सहज बोलून डबा खायला बसले. मी माझा डबा तसाच बंद केला. कारण ती विजेवरची गाडी घरात आली ती माझ्या शब्दावर.

मी हेमांगी, शहाद्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. सासरे चुनीलाल पाटील, सगळ्यांचे आप्पा. तापीकाठी ऊस आणि केळी. आप्पांना नव्या वस्तूची भारी हौस, आणि ती उघडून बघायची त्याहून जास्त. माझ्या नववीच्या वर्गातलं लोहचुंबक त्यांनी एकदा महिनाभर परत केलं नव्हतं. गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा माझे यजमान ललित म्हणाले, डिझेलची घ्या, नाहीतर दोन वर्षं थांबा. त्यावर आप्पा माझ्याकडे वळले. "तू सांग, पोरी. तू शिकाडस ना विजनं?" लग्नाला अकरा वर्षं झाली होती. चहात साखर किती यापलीकडे त्या घरात कुणी मला काही विचारलं नव्हतं. मी अर्धा तास बोलले. मोटार, बॅटरी, युनिटचा दर, सगळं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी बुक केली.

गावातली पहिलीच विजेची गाडी. आठवडाभर आमच्या अंगणात जत्रा होती. कुणी कान लावून आवाज ऐकायचा, कुणी बॉनेटखाली डोकावून विचारायचा, "हिनामा इंजन कोठे शे, बो?" आप्पा प्रत्येकाला पहिल्यापासून समजावून सांगायचे. गाडी रात्री गोठ्यात, म्हशीच्या शेजारी चार्जिंगला लागायची. पहिले दोन दिवस म्हशीनं दूध चोरलं, मग तिलाही सवय झाली.

गाडीचा खरा फायदा मात्र सासूबाईंनी घेतला. जमनाबाई त्यांचं नाव, आम्ही सगळे जिजी म्हणतो. त्यांची थोरली बहीण कमलबाई तळोद्याकडच्या गावात अंथरुणाला खिळलेली. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. जिजींचे गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढवत नाही. जुनी जीप काढा म्हटलं की आप्पांचं ठरलेलं उत्तर, "डिझेल काय तापीमा वाहस का?" म्हणून वर्षाकाठी दोनदा भेट व्हायची, तीही लग्नकार्याला जोडून. विजेची गाडी आली आणि आप्पांचा हात एकदम सैल झाला. ऐंशी किलोमीटरला किती युनिट लागतात याचंच त्यांना कुतूहल. दर गुरुवारी गाडी निघायची. आप्पा तिथे ओट्यावर बसून भाच्यांना बॅटरी समजावायचे आणि आत दोघी बहिणी एकमेकींच्या डोक्याला तेल लावायच्या. सहा महिने असं चाललं. कोजागिरीच्या आदल्या दिवशी कमलबाई गेल्या. त्यानंतर गुरुवारी गाडी गोठ्यातच असे.

तर अशी ती गाडी. आणि आता तिचा भाव उतरला होता.

पाचव्या दिवशी बातमी आपल्या पायांनी घरात आली. आप्पांचे चुलतभाऊ बन्सीलाल यांनी तीच गाडी नव्या भावात बुक केली आणि पारावर पेढे वाटले. एक पेढा आमच्याकडेही पोचवला. पेढा कसला, जखमेवरचं मीठच ते. जेवताना ललितनी ताटावरच विषय काढला.

"मी तव्हयच सांगेल व्हतं, दोन साल थांबा. पण आमना घरमा विज्ञान चालस ना!"

मी भाकरीत डोकं घातलं. लाज वाटली आणि रागही आला. मला माहीत होतं, आता या घरात मला पुन्हा कुणी काही विचारणार नाही. छतावर सोलर बसवायचं मी मागच्याच महिन्यात सुचवलं होतं. तो विषय तर मेलाच.

आप्पा मात्र शांतपणे ताक पीत होते. वाटी खाली ठेवून म्हणाले, "एक लाख ऐंशी? बरं. मंग आपला फरक कव्हय येई?"

ललितना वाटलं थट्टा आहे, ते हसले. मी आप्पांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं, ही थट्टा नाही.

आप्पांनी चाळीस वर्षं पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याला ऊस घातला. ऊस जातो तेव्हा कुणालाच पूर्ण भाव मिळत नाही. आधी पहिली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम. हंगाम सरला की अंतिम भाव ठरतो आणि उरलेला फरक मागाहून खात्यावर येतो. दिवाळीआधी घातलेला ऊस असो की होळीला, शेवटी त्या हंगामाचा भाव सगळ्यांना एकच. आप्पांकडे अशा पावत्यांची एक जाडजूड फाईल आहे. फरक हाती आला की त्या पावतीवर ते स्वतः लिहितात, 'फरक मिळाला', आणि खाली सही. तेव्हाच ती पावती त्यांच्या लेखी मिटते. ज्या माणसाचं आयुष्य असं गेलं, त्याला वाटलं, मोटारीचंही असंच असणार.

"आप्पा, तो काय कारखाना शे का?" ललित म्हणाले.

"गाडी तीच, साल तेच. मंग भाव दोन कसा व्हतीन?" आप्पा म्हणाले. "अर्ज देना पडी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेघांच्या कागदावर अर्ज लिहिला आणि मला रजा टाकायला लावली. "तुना शबदवर लिधी शे गाडी. तू संगे पायजे." हे त्यांनी प्रेमानं म्हटलं की टोमणा मारला, ते मला रस्ताभर उमगलं नाही.

नंदुरबार जवळ आलं तशा दोन्ही बाजूंना मिरच्या वाळत घातलेल्या दिसू लागल्या. काचा बंद होत्या तरी मला ठसका लागला. तीच संधी साधून मी म्हटलं, "आप्पा, मिरचीना भाव बी उतरसच ना? ज्यानी पहिले इकी त्याले येगळा, मांगून इकी त्याले येगळा. तठे कोनी फरक मांगस का?"

"मिरची लिलावमा जास," आप्पा म्हणाले. "गाडीना काय लिलाव व्हयना व्हता?"

बी.एड.लाही हे कुणी शिकवलं नव्हतं.

शोरूममध्ये पवन पावरा नावाचा मुलगा होता. धडगावकडचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. त्यानंच आम्हाला गाडी विकली होती. त्यानं पाणी दिलं, अर्ज हातात घेतला आणि आप्पांच्या सांगण्यावरून मोठ्यानं वाचला.

"सप्रेम नमस्कार. मी आपली गाडी आखाजीला घेतली. गाडी चांगली आहे. काही तक्रार नाही. त्याच सालात आपण भाव कमी केल्याचे समजले. तरी फरकाची रक्कम खात्यावर जमा करावी. घाई नाही. हंगाम संपल्यावर केली तरी चालेल. आपला, चुनीलाल पाटील, ऊस उत्पादक सभासद."

शेजारच्या टेबलावरची मुलगी तोंडावर फाईल धरून हसली. मला तिथून निघून जावंसं वाटलं. पवन मात्र हसला नाही. "आप्पा, माझे आई-वडील ऊसतोडीला जातात," तो म्हणाला. "दरवाढ झाली की त्यांचाही फरक मागून येतो. तुम्ही काय मागताय ते मला कळलं. पण गाडीत असं नसतं. ज्या दिवशी घेतली त्या दिवशीचा भाव, तोच शेवटचा."

आता ते उठून भांडतील असं मला वाटलं. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"भाव उतरना कसाले, ते तं सांग."

"बॅटरी स्वस्त झाली."

"ती कसाले स्वस्त व्हयनी?"

"जास्त बनायला लागली, आप्पा. पहिली पहिली गिऱ्हाइकं घेतात, मग कारखान्याला धीर येतो, मोठा कारखाना टाकतात, माल स्वस्त पडतो."

"म्हनजे मी लिधी म्हनीसन उतरना?"

पवननं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "तसंच म्हणायचं," तो म्हणाला.

आप्पा असे खूश झाले की मला कळेना हसावं की रडावं. "बन्सीलालनी गाडी मी स्वस्त करी!" ते मांडीवर थाप मारून म्हणाले. मग पाऊण तास त्यांनी त्या पोराला सोडलं नाही. जुनी बॅटरी पुढे कुठे जाते, ती उघडता येते का, हिच्यावर उसाला पाणी देता येईल का. पवननं दोनदा चहा मागवला. निघताना आप्पांनी अर्ज आणि त्याची दुसरी प्रत पुढे सरकवली. "रक्कम नही तं नही. पोच दे." पवननं प्रतीवर शिक्का मारला, सही केली आणि तारीख घातली.

पण परतीच्या रस्त्याला ही खुशी तापीवरच्या प्रकाशा गावच्या पुलापर्यंतही टिकली नाही. एक लाख ऐंशी हजार म्हणजे काही चिंचोके नव्हेत. शेवटी मी म्हटलं, "आप्पा, मनी चुकी व्हयनी. थांबाले पायजे व्हतं." आप्पा समोरच्या उसाच्या ट्रॅक्टरला हॉर्न देत राहिले.

घरी आलो तर ललित ओट्यावरच उभे. "भेटना का फरक?"

"नही," आप्पा म्हणाले आणि झोपाळ्यावर टेकले.

"मंग आते कानले खडा लावा. घरमा कोनी काही बी सांगी, आपन एक साल थांबानं. भाव उतरस म्हनजे उतरसच. थांबेलना काय बिघडस?"

'कोनी' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायची गरजच नव्हती. मी पर्स घेऊन आत निघाले.

दारात जिजी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. गाडी घेताना त्या काही बोलल्या नव्हत्या, भाव उतरला तेव्हाही नाही. पैशाच्या बोलण्यात त्या कधी पडतच नाहीत. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"भाव उतरापावत मनी बहीन थांबनार व्हती का रे, ललित?"

ललितनी खाली पाहिलं. त्यांनाही मावशीनंच लहानपणी दोन वर्षं सांभाळलं होतं.

"सव्वीस येळा गऊ मी तिनाकडे," जिजी म्हणाल्या. "सव्वीस गुरवार. डिझेलनी जीप ऱ्हाती तं एकदाव गई असती, अन् मंग डायरेक मयतले." एवढं बोलून त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि सूप परत मांडीवर घेतलं.

मला रडू आवरेना. चार दिवस बातमी पोटात ठेवून मी नुसती रक्कम मोजत बसले होते. दर गुरुवारी जिजींच्या केसांना येणारा तेलाचा वास एकदाही माझ्या मनात आला नव्हता.

आप्पा उठले. आतून उसाच्या पावत्यांची फाईल घेऊन आले आणि माझ्यापुढे हात केला. "पेन दे." मी पर्समधलं लाल पेन दिलं, पेपर तपासायचं. मला वाटलं, आता कंपनीच्या मोठ्या साहेबाला अर्ज जाणार. त्यांनी पोच घेतलेली प्रत मांडीवर सरळ केली आणि पवनच्या शिक्क्याखाली आपल्या तिरप्या अक्षरात लिहिलं, 'फरक मिळाला'.

सही मात्र केली नाही. कागद आणि पेन त्यांनी जिजींपुढे धरलं. "कर सही. तुले भेटना, तूच कर."

जिजींनी हात पदराला पुसले. चौथी शिकलेल्या त्या. एकेक अक्षर पुटपुटत त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, जमनाबाई चुनीलाल पाटील, आणि विचारलं, "रक्कम कितली लिखू?"

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले.

त्यांनी कागद फाईलीत लावला, फीत बांधली आणि माझं पेन मला परत दिलं. मग ललितच्या समोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरी, ते छतवरलं सोलर तू सांगत व्हती ना, ते सकायले बसाडाले सांग. भाव उतरना तं उतरू दे."