जावक क्रमांक ८४-११७

देवीदास मेश्राम स्टील प्लांटच्या डिस्पॅच सेक्शनमधून रिटायर झाले त्याला आठ वर्षं झाली, पण तारीख घातलेली नोटीस दिसली की त्यांचा हात अजूनही आपोआप पुढे होतो. कम्प्यूटरच्या पडद्यावर ‘तुमची सिस्टम जुनी झाली, अमुक तारखेच्या आत नवी घ्या’ असं आलं, तेव्हा त्यांनी मुदतीच्या दोन दिवस आधीच होकार दाबला. कम्प्यूटरने अडीच तास विचार केला आणि एका परदेशी तळ्याचं सुंदर चित्र दाखवलं. त्या चित्रावर एकही फाइल नव्हती.

“सगळे कागद गेले, शेवंता.”

“तळं तं चांगलं दिसून राहिलं,” शेवंताबाई म्हणाल्या. मग नवऱ्याचा चेहरा पाहून चहा ठेवायला उठल्या.

पुढचा आठवडा देवीदास कम्प्यूटर बंद करून चालू करत राहिले, कारण मुलीने, मोनालीने, पुण्याहून फोनवर तेच सांगितलं होतं.

तेवढ्यात वैशाली नगरातल्या त्यांच्या वसाहतीच्या वाचनालयाच्या दाराला नोटीस लागली. खोली वाचनालयाला दिल्याचं पत्र शनिवारी सकाळी दहापर्यंत दाखवा, नाहीतर कुलूप बदलू. वसाहतीचे सेक्रेटरी राजकुमार यांना तिथे जिम करायची होती. चौऱ्याऐंशी सालचं ते मूळ पत्र वाळवीने केव्हाच खाल्लं होतं. वाचनालयाचं दप्तर सांभाळणाऱ्या देवीदासांनी त्याआधी सगळी पत्रं स्कॅन करून ठेवली होती, आणि ती आता तळ्यात गेली होती.

शुक्रवारी दुपारी ते कम्प्यूटर ऑटोत घालून पावर हाउसच्या बाजारात नरेशच्या कम्प्यूटर दुरुस्तीच्या दुकानात पोचले.

“जय भीम, काका,” नरेश म्हणाला आणि दहा मिनिटांत निदान करून मोकळा झाला. “डेटा गेला. फॉर्मॅट मारून देतो, एकदम नवीन होऊन जाईल. इथं सही करा.”

देवीदासांनी चष्मा लावून कागद वाचला. डेटा गेल्यास जबाबदारी ग्राहकाची, असं त्यावर होतं.

“नाही करत.”

“काका, सब लोग करते हैं।”

“मले सब लोगांशी काय करायचं? मी सही करायच्या आधी कागद वाचतो.”

“मग मी काय करू?”

“शोध. मी बसतो.” त्यांनी स्टूल ओढून काउंटरसमोर मांडलं. मागून येणाऱ्या गिऱ्हाइकाला आता त्यांना वळसा घालावा लागत होता.

अर्ध्या तासाने नरेश वैतागला. “कावून जिद करून राहिले, काका? नाहीच आहे ते!”

“हे बघ. आमचं सेक्शन नव्या इमारतीत गेलं, तेव्हा जुने कागद कोणी जाळले नाही. रेकॉर्ड रूममध्ये टाकले. याची रेकॉर्ड रूम कुठं आहे?”

नरेशने माउस पुढे ओढला. “जुन्या विंडोजचं एक फोल्डर राहते तसं. पण दहा दिवसांत आपोआप साफ होते.”

“आज नववा दिवस आहे. उघड.”

नरेशने ते उघडून ‘वाचनालय’ असं शोधलं. काही मिळालं नाही. ‘लायब्ररी’ शोधलं, तेही नाही. “बघा. इथं नुसते नंबर आहेत, काका. सिस्टमच्या फाइली दिसतात. याला हात नाही लावायचा.”

“थांब!” देवीदास स्टुलावरून उठले. “ते माझे जावक क्रमांक आहेत.”

चौतीस वर्षं त्यांनी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर घातला होता. घरच्या कम्प्यूटरवर फाइलला नाव द्यायची वेळ आली, तेव्हाही त्यांना दुसरं काही सुचलं नव्हतं. मोनाली हसली होती.

“८४-११७ उघड.”

पडद्यावर पिवळा कागद आला. जागा वाचनालयास दिली आहे. खाली वसाहतीचा गोल शिक्का.

नरेशने न सांगता सगळे नंबर पेनड्राइव्हवर उतरवले आणि पत्राची प्रिंट काढली. सहीचा फॉर्म त्याने स्वतःच फाडला.

शनिवारी दहाला राजकुमार नवं कुलूप घेऊन आले. देवीदासांनी प्रिंट पुढे केली.

“अंकल, ये तो कम्प्यूटर का काग़ज़ है। ऐसा तो कोई भी बना ले।”

“तुमची नोटीस काय हातानं लिहिली होती? तीही मानत नाही मग.”

“देखिए, मैं कमेटी में रखूँगा। तब तक ताला तो लगेगा।”

“लगाइए ना,” आतून शेवंताबाईंचा आवाज आला.

राजकुमार यांनी डोकावून पाहिलं. वसाहतीतल्या सात बाया सतरंजीवर बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. दोघी एकाच पानावर होत्या. कोणी वर पाहिलं नाही.

“बाहर निकलिए, आंटी।”

शेवंताबाईंनी पान उलटलं. “वाचनालय चालू आहे, भाऊ. हळू बोला.”