मशीनशेजारचं लिखाण

रंगूबाईंना डायलिसिस लागलं तेव्हा त्यांची सून प्राची ढसाढसा रडली, आणि महिन्याभरात तिला ते आवडू लागलं. वाईट वाटलं ना ऐकून? वाटू दे. नेरूळच्या सेंटरमध्ये सासू एकदा मशीनला जोडली, की चार तास प्राचीला हाक मारणारं कुणी नसायचं. घरी एक वाक्य लिहायला बसावं तर कुकर, लेकाचा, पार्थचा अभ्यास, नाहीतर सोसायटीचा वॉचमन दारात. इथं मांडीवर लॅपटॉप घेतला की झालं.

ती शिकवायची त्या कॉलेजातल्या कार्यशाळेत तिला सांगितलं होतं, रिसर्च पेपर एका दमात लिहायचा नसतो. अर्धा तास बसायचं, एक परिच्छेद करायचा, आणि तेवढ्या वेळात आभाळ कोसळलं तरी फोनला हात लावायचा नाही. तुर्भ्याच्या कारखान्यांतल्या कंत्राटी बायकांवरचा तिचा पेपर असाच थेंबेथेंबे साचला. तो छापून आला तरच तिची नोकरी पक्की होणार होती.

रंगूबाई साताऱ्याकडच्या, तोंडानं फटकळ. पण सुनेच्या या कामाचं त्यांना भारी कौतुक. "आज किती झालं गं?" असं विचारायच्या, जणू ती स्वेटरच विणतेय.

किडनीसाठी त्यांचं नाव एका मोठ्या हॉस्पिटलच्या यादीत होतं. हृदय दमत चाललंय, फार दिवस निघणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. प्राचीचा नवरा ज्योतिबा उरणला बंदरात कामाला, ड्यूटीवर फोन लॉकरमध्ये. म्हणून नंबर प्राचीचा दिला होता. हॉस्पिटलातल्या स्मिता मॅडमनी बजावलं होतं, "फोन आला की लगेच उचला. नाहीतर आम्ही पुढच्या पेशंटला विचारतो."

तो फोन आला तेव्हा प्राची शेवटून दुसऱ्या परिच्छेदात होती. तिला दिसला नाही असं म्हणू नका. स्क्रीनवर स्मिता मॅडमचं नाव चांगलं ठसठशीत होतं. कसला तरी रिपोर्ट मागत असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. आणि त्याच्याखाली दुसरंही काही होतं. ऑपरेशन झालं तर हे चार तास गेले, पेपर गेला, पुन्हा आपण आणि ते घर. तिनं फोन पालथा घातला. तो पुन्हा घरघरला, पुन्हा घरघरला, आणि मग गप्प झाला.

परिच्छेद झकास उतरला. मेलं, तेच तर वाईट.

मग बाहेर जाऊन तिनं फोन लावला. "अहो ताई, होतात कुठं?" स्मिता मॅडम म्हणाल्या. "जुळणारी किडनी आली होती. किती वेळा लावला! आता दुसऱ्या पेशंटला बोलावलं, ते निघालेसुद्धा."

"मी आणते त्यांना. आत्ता आणते, रिक्षानं आणते."

"आता नाही होणार, ताई."

ती आत आली तेव्हा रंगूबाईंनी डोळे उघडले. "कुनाचा गं फोन?"

"बँकेचा. लोन हवंय का विचारत होते."

"मेल्यांना धंदा न्हाई दुसरा. अन् तू तरी कशाला उठलीस लिवता लिवता?" रंगूबाईंनी मोकळ्या हातानं चादर ओढून गादीच्या कडेला लॅपटॉपपुरती जागा करून दिली. "बस. लिही तू. मी पडलीय की हितं तुज्यासाठी."