हळद लावलेला हात

खोबरेलात कालवलेली हळद माकेरेताने नवऱ्याच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत चोळली.

"परत लग्न लावतेस का माझं?" फातिआकी हसला, आणि हसता हसताच त्याला धाप लागली.

"कालच्या लग्नात सगळ्यांना हळद लागली, तू तेवढा कोरडा राहिलास. गप बस."

हे कारण अर्धंच खरं होतं. रोटुमा बेटावर लग्नाला आलेल्या माणसाला हळदतेल लावल्याशिवाय सोडत नाहीत, हे खरं. पण गेल्या वर्षी तपासणीचं यंत्र बेटावर आलं होतं, तेव्हा अशीच हळद लावून आलेल्या एका म्हातारीचा आकडा भलताच चढला होता. नर्सने तिला साबणाने हात धुवायला पिटाळलं होतं. माकेरेताने ते लक्षात ठेवलं होतं.

ते यंत्र सुई टोचत नाही, रक्त काढत नाही. हाताच्या कातडीवर उजेड टाकतं आणि साखरेच्या रोग्याच्या हृदयाला धोका किती, त्याचा आकडा दाखवतं. आकडा तीनच्या वर गेला तरच बोटीने राजधानीत, सुवाला, डॉक्टरकडे पाठवत. फातिआकीचा तेव्हा दोनच्या थोडा वर आला होता. त्यानंतर त्याचे पाय सुजले, आणि आडवं होताच दम कोंडायचा म्हणून गेला महिनाभर तो खांबाला टेकून बसल्या बसल्या झोपत होता. कुणाला सांगशील तर माझी शपथ, असं त्याने तिला बजावलं होतं. आज यंत्र परत आलं होतं. ते घेऊन आलेली बोट दुपारी सुवाला सुटणार होती, पुढची कधी येईल याचा भरवसा नव्हता. तिला दुसरा मार्गच सुचेना.

दवाखान्यातली नर्स सारोते सुवाहून नवीनच आली होती. तिने फातिआकीचा हात यंत्रावर ठेवला.

"चार पूर्णांक एक. काका, आजच्याच बोटीने निघावं लागेल."

माकेरेताचा जीव भांड्यात पडला. फातिआकीचा चेहरा मात्र उतरला. त्याने हाताकडे पाहिलं, नखाने खरवडलं.

"थांबा बाई. ही हळद आहे. धुऊन येतो."

"राहू दे ना!" माकेरेता जवळजवळ ओरडली.

तो नळावर जाऊन आला. आकडा आला दोन पूर्णांक पाच.

"बघ! उगाच घाबरवतेस सगळ्यांना," म्हणत तो खुशीत बाहेर गेला.

सारोतेने यादीतल्या पुढच्या नावावर बोट ठेवलं. माकेरेता जागची हलली नाही.

"काकी, पुढच्यांना येऊ द्या."

"हळद मी लावली. मुद्दाम."

"का?"

"ते सांगता येत नाही, शपथ घातलीय त्याने." तिने हात जोडले. "तुम्हीच बघा, बाई. पाया पडते."

तिने खिडकीची फळी ढकलली. बाहेर दुसऱ्याच पायरीवर फातिआकी उभा होता. एका हाताने त्याने खांब घट्ट धरला होता, दुसऱ्या हाताने तो शेजाऱ्यांना हसून खूण करत होता. त्याचे खांदे वरखाली होत होते.

सारोतेची नजर त्याच्या खांद्यांवरून सुजलेल्या पावलांवर गेली. मग तिने यंत्र बाजूला सारलं.

"काकी," ती हळू आवाजात म्हणाली, "तुमचेही दोन कपडे घ्या बरोबर."