भरल्या पोटी घाट

मी ब्रेक बोलतोय. नाशिकच्या मखमलाबाद भागातल्या एका छोट्या टेम्पोच्या पुढच्या डाव्या चाकातला ब्रेक.

आधी माफी मागून घेतो. बोलणं माझं असलं तरी लिहिणारा हात माझ्या आताच्या मालकाचा, ललितचा आहे, आणि ललितची शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. मी लोखंडाचा, तो मळ्यातला. भारी शब्द आम्ही कुठून आणणार?

भट्टीतला लाल रस साच्यात ओतला आणि माझा जन्म झाला. मी म्हणजे एक जाड गोल ड्रम. माझ्या पोटात दोन लायनर असतात. वरून पायाने दाबलं की ते पसरून मला आतून घट्ट धरतात आणि चाक थांबतं. लायनर झिजतात, बदलतात. मी मात्र पहिल्यापासून तोच आहे.

माझे पहिले मालक सावळीराम आबा, ललितचे वडील. टेम्पो तेव्हा डिझेलवर चालायचा. झेंडू, शेवंती, मेथी, शेपू भरून आम्ही पहाटे पंचवटीच्या बाजारात जायचो. तिथल्या गल्ल्या तुम्हाला माहीत आहेत. चार हात पुढे गेलं की रिक्षा आडवी, आणखी चार हात गेलं की स्कूटरवाला, मग एखादे गुरुजी सोवळं सावरत मधूनच रस्ता ओलांडणार. एका सकाळी आबांचा पाय माझ्यावर दोनशे वेळा पडायचा. माणसं गाडीचं ॲव्हरेज विचारतात, रंग विचारतात. ब्रेक कसा आहे हे फक्त गाडी विकत घेताना विचारतात, तेही अगदी शेवटी.

एक खरं सांगतो. तेव्हा मी फार उधळ्या होतो. आबांनी डिझेल जाळून गाडीला जो वेग दिला, तो मी दर वेळी घासून घासून गरम करायचो आणि हवेत सोडून द्यायचो. त्यातलं काहीच कोणाच्या हाती लागायचं नाही. मला वाटायचं, थांबवणं म्हणजे हेच.

तीन वर्षांपूर्वी इंजिन बसलं. अंबडच्या मंगळू मिस्तरीने ते काढून तिथे मोटर आणि बॅटरी बसवली, आणि गाडी हातात देताना ललितला समजावून सांगितलं.

"हे बघ. पाय दाबला की मोटर बॅटरीतून खाते. पाय उचलला की चाकंच मोटरला फिरवतात, मग ती उलटी वीज करून बॅटरीत टाकते. गाडी आपोआप हळू होते आणि वेगही वाया जात नाही. ब्रेक नावालाच."

नावालाच! मी ऐकत होतो.

"पण एक ध्यानात ठेव," मिस्तरी पुढे म्हणाला. "बॅटरी गच्च भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागा नसते. मग मोटर गाडी धरत नाही. घाट उतरायचा असला तर ऐंशी टक्क्यांच्या वर भरायची नाही. कळलं?"

ललितने मान हलवली. तो मानच हलवतो. चांगला पोरगा आहे, कष्टाळू आहे, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की त्याचे कान लाल होतात.

तेव्हापासून मी रिकामा बसलो. पाय उचलला की मोटर गाडी धरायची, समोरच्या मीटरवरची हिरवी रेघ वर चढायची आणि ललित खुश व्हायचा. मोटरचा मला हेवा वाटायचा. मी उधळत होतो ते ती साठवत होती. पण तीन पावसाळे गेले आणि माझ्या आत गंज धरला. ब्रेक ऑइल जुनं होऊन त्यात पाणी मुरलं. आबा एकदा म्हणाले, "अरे, चाक उघडून बघ एकदा." ललित म्हणाला, "वापरतच नाही आबा, झिजणार काय?"

गेल्या महिन्यात आम्ही कळवणच्या पुढे, पठारावरच्या एका गावाला गेलो. ललितची धाकटी बहीण मंजुषा तिथे दिलेली आहे. तिला सातवा महिना होता आणि बाळंतपणासाठी तिला माहेरी आणायचं होतं. तिचा नवरा योगेश विंचूरला कामावर असतो, त्याला सुट्टी नव्हती. म्हणून ललित एकटाच गेला.

घाट चढून दारात उभे राहिलो तेव्हा बॅटरीचा आकडा अडतीसवर होता. मंजुषाचे सासरे कारभारी तात्या स्वतः वायर घेऊन आले आणि त्यांनी गाडी चार्जिंगला लावली.

"आमच्या दारातून माणूस अर्धपोटी जात नाय," ते म्हणाले, "मग गाडीनं काय घोडं मारलंय?"

जेवणात तिसरी पुरणपोळी पानात पडली. ललितला नको होती, तरी खाल्ली. हात धुऊन तो गाडीकडे आला. आकडा अठ्ठ्याहत्तर. त्याने वायर काढली.

तात्यांनी ओट्यावरून पाहिलं. "का हो पाहुणे? आमच्या लाइटबिलाची काळजी लागली का काय?"

अंगणातले सगळे हसले. मंजुषाची सासू वत्सलाबाई म्हणाल्या, "राहू द्या ना हो, लय लाजतंय ते पोरगं."

ललितने तोंड उघडलं. मिस्तरीचं वाक्य त्याच्या जिभेवर आलं असावं, कारण त्याने एकदा घाटाकडे पाहिलं. मग त्याचे कान लाल झाले, तोंड मिटलं आणि त्याने वायर परत लावली.

दुपारी चार वाजता आकडा शंभर झाला. तात्यांनी बॉनेटवर थाप मारली. "आता कशी टुम्म झाली!"

मागे बाजरीची दोन पोती, कांद्याचं एक, वत्सलाबाईंनी दिलेले डबे. पुढे पाठीला उशी लावून मंजुषा बसली. आम्ही निघालो.

पठार संपलं आणि रस्ता खाली वळला. ललितने सवयीने पाय उचलला.

काहीच झालं नाही. मोटरने गाडी धरली नाही. हिरवी रेघ जागची हलली नाही. गाडी मोकळ्या बैलासारखी पुढे पळायला लागली.

मग तीन वर्षांनी ललितचा पाय जोरात माझ्यावर आला.

मी धरलं. गंज करकरला, माझ्या अंगातून किंकाळी निघाली, पण धरलं. पहिलं वळण गेलं. दुसऱ्याला मी तापलो. डाव्या हाताला दरी होती आणि कठड्याचे दगड कुठे होते, कुठे नव्हते. तिसऱ्या वळणावर जळका वास सुटला.

"दादा, कसला वास येतोय?" मंजुषाने विचारलं.

"काही नाही. दांडी धरून बस."

"काही नाही म्हणतोस आणि दांडी धरायला सांगतोस?"

चौथ्या वळणाआधी माझ्या नळीतलं ऑइल उकळायला लागलं आणि त्यात बुडबुडे झाले. ललितचा पाय खाली जात होता, पण त्याचा जोर माझ्यापर्यंत पोहोचत नव्हता. मी काही करू शकत नव्हतो. थांबवणं हे माझं एकच काम. तेच मला येईना.

पूर्वी अशा वेळी आबा खालचा गिअर टाकायचे. आता गिअर नव्हता. पण आबांनी शिकवलेली एक गोष्ट ललितला आठवली. पॅडल खाली गेलं तर सोडून पुन्हा मारायचं, पुन्हा, पुन्हा. त्याने दणादण पाय मारला. थोडा जोर आला. हँडब्रेक हळूहळू ओढत त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. तिथे रस्त्याच्या कामासाठी खडीचा ढीग टाकलेला होता. चाक गटारीत उतरलं, तोंड खडीत घुसलं आणि आम्ही थांबलो.

ललित खाली उडी मारून धावला आणि त्याने चारही चाकांना दगड लावले. मग तो मंजुषाच्या दाराशी आला. "लागलं का कुठे?"

"नाही." तिचा एक हात पोटावर होता. "तो पण ठीक आहे. लाथा मारतोय."

तेवढ्यात खालून एक मोटरसायकल आली. चालवणारा वाळू नावाचा तिथलाच शेतकरी होता. मागे पाण्याचा कॅन बांधलेला.

"आयला, धूर निघतो हाय चाकातून! थांबा, पाणी मारतो." त्याने कॅन सोडला, झाकण काढलं आणि तो माझ्यावर वाकला.

मी लालबुंद तापलो होतो. थंड पाणी पडलं असतं तर तडकून माझे दोन तुकडे झाले असते. मग उरलेला घाट आम्हाला कोणी उतरवला असता? मी ओरडू शकत नव्हतो. ललित उभा होता. त्याचे कान लाल झाले. माणूस मोठा, अनोळखी, त्यात मदतीला आलेला.

"नको!" ललित ओरडला. आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. "ओतू नका. तापलेलं लोखंड फुटतं."

"बरं बाबा, नाय ओतत. ओरडतो कशाला? मी काय बहिरा हाय?"

मंजुषा हसली. मग एकदम गंभीर झाली. "दादा, हे असं का झालं?"

ललितने खाली बघत सगळं सांगितलं. भरलेली बॅटरी, मिस्तरीचं वाक्य, काढलेली वायर, परत लावलेली वायर.

"तुला माहीत होतं? मग बोलला का नाहीस?"

"तात्यांना वाईट वाटलं असतं."

"आणि आपण दरीत गेलो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं?"

ललितने चाकाखालचा दगड पायाने आणखी आत सरकवला. मी तापून चटचट वाजत होतो.

पाऊण तासाने मी हाताला सोसेन इतका निवलो. वाळू अजून तिथेच होता. "आता काय करता? खाली जायला दुसरी गाडी बघू?"

"खाली जायला आधी वर जायचं," ललित म्हणाला. "चढावर बॅटरी खर्च होईल. जागा झाली की मोटर परत धरेल."

वाळूने मंजुषाकडे पाहिलं. "ताई, याला ऊन लागलं का?"

पण त्याने गाडी गटारीतून काढायला खांदा लावला. ललितने रुंद जागी टेम्पो वळवला आणि आम्ही जिथून आलो तिथेच निघालो. चढ संपेपर्यंत आकडा शहाण्णव झाला. पठारावरच्या सपाट रस्त्यावर गावापर्यंत दोन चकरा मारल्या. दुसऱ्या चकरेला फोन वाजला. तात्या होते.

"तुमची गाडी परत गावात दिसली म्हणे. काही विसरलं का?"

ललितने फोन कानाला घट्ट धरला. "नाही तात्या. सहज."

फोन ठेवल्यावर मंजुषा म्हणाली, "सहज! घाट सहज चढून येतं का कोणी?"

आकडा नव्वदवर आला तेव्हा ऊन उतरलं होतं; ऐंशीची वाट बघितली असती तर अंधार पडला असता. घाटाच्या तोंडाशी ललित क्षणभर थांबला. माझ्यावर त्याचा भरवसा राहिला नव्हता, आणि माझाही नव्हता. त्याने गाडी सोडली. पाय उचलला.

एक श्वास काहीच झालं नाही.

मग मोटरने धरलं. हिरवी रेघ उठली, गाडी मागून कोणी ओढावं तशी मंद झाली. वळणामागून वळण मोटर उतार खात होती आणि वीज करून ठेवत होती. मी फक्त दोनदा हलकेच हात लावला. पायथ्याशी आकडा त्र्याण्णव होता. त्या दिवशी मोटरचा हेवा संपला. ती वेग जपते. मी, तिला जपायला जागा नसेल तेव्हासाठी आहे.

आज मी चाकाबाहेर नाही, भंगारातही नाही. म्हणून एवढंच मागतो. तुमच्या गाडीत अशी मोटर असेल तर तिचं कौतुक जरूर करा. पण आठवड्यातून एकदा माझ्यावरही पाय ठेवा. वर्षातून एकदा उघडून बघा. आणि घाटमाथ्यावर कोणी प्रेमाने पोटभर वीज वाढली, तर हात आडवा धरायला लाजू नका.

घाटाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ललित बाजारात गेला नाही. त्याने जॅक लावला, चाक काढलं, मला मांडीवर घेऊन काचकागदाने घासलं. आबा शेजारी बसून एकेक नट पुसून देत होते. नवे लायनर आले, नवं ऑइल आलं. मग ललितने हात पुसले आणि फोन लावला.

"तात्या, ललित बोलतोय. काल मी खोटं बोललो." कान लाल झाले, पण तो थांबला नाही. घाटात काय झालं ते सगळं सांगितलं. "चूक माझी. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. पण बाळाला बघायला तुम्ही या, मग आम्ही तुमच्याकडे येऊ, तेव्हा गाडी गच्च भरायची नाही."

मग तात्यांचा आवाज आला, बारीक झालेला. "पोरगी, बाळ... बरी हायेत ना?"

"बरी आहेत."

"मग गाडीला किती वाढायचं, ते तू सांग."

"ऐंशी, तात्या. त्याच्या वर एक घास नाही."

फोन ठेवून ललितने मला चाकात बसवलं. टेम्पो बाहेर काढला, गल्लीच्या तोंडाशी नेला. रस्ता रिकामा होता. रिक्षा नव्हती, स्कूटर नव्हती. तरी त्याने माझ्यावर पाय ठेवला, आणि मी धरलं.