आठची बैठक

आमच्या रुग्णालयात एकशे ऐंशी खाटा होत्या आणि त्यांतली एकही माझ्या ताब्यात नव्हती. मी नोंदणी विभागात होतो. कोण कधी आलं, कोणत्या खाटेवर झोपलं, डॉक्टरांनी ‘घरी सोडा’ असं किती वाजता लिहिलं आणि ती खाट पुढच्या माणसासाठी किती वाजता तयार झाली, एवढं लिहून ठेवणं हे माझं काम. तेहेतीस वर्षं ते केलं. माणसांपेक्षा नोंदींशी माझं बरं जमायचं. नोंदी उलटून विचारत नाहीत.

निवृत्तीला पाच आठवडे उरले असताना मॅडमनी मला वर बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या नव्या व्यवस्थापक. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही आणि प्रत्येकाला त्या ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारायच्या. त्यांच्या आधीचे साहेब याच्या अगदी उलट. त्यांना सगळे तोफ म्हणत. तोफ रोज सकाळी आठला सगळ्या मजल्यांच्या मोठ्या सिस्टरना बैठकीच्या खोलीत रांगेनं उभं करायची आणि सव्वानऊपर्यंत धडाडायची. मॅडमही त्याच खोलीत, त्याच वेळी बैठक घेत, पण सगळ्यांना बसवून, चहा देऊन, रंगीत तक्ते दाखवत. या दोघांच्या मधे सात महिने जागा रिकामी होती. नवा माणूस मिळेपर्यंत सह्या करायला कोणीतरी हवं, म्हणून अध्यक्षांनी मला प्रभारी नेमलं होतं. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ असं त्या वेळी जिन्यात कोणीतरी म्हणालेलं मी ऐकलं होतं. म्हणणाऱ्यानं मला पाहिलं नव्हतं. मला सहसा कोणी पाहत नसे.

मॅडमच्या टेबलावर मीच करून दिलेला तक्ता होता. डॉक्टरांनी सोडायला सांगितल्यापासून खाट मोकळी होऊन तयार व्हायला सरासरी किती वेळ लागतो, त्याचा. खाली व्हरांड्यात लोक दुखणं घेऊन बाकांवर ताटकळत असतात ते याच वेळेपायी. खाट मोकळी झाल्याशिवाय त्यांना वर घेता येत नाही.

“तोफेच्या... म्हणजे आधीच्या साहेबांच्या वेळी पाच तास दहा मिनिटं,” मॅडम म्हणाल्या. “माझ्या वेळी चार तास पन्नास. आणि मधले सात महिने?”

“दोन तास चाळीस,” मी म्हणालो. “मी चार वेळा तपासलं. चूक असेल कदाचित. पाचव्यांदा बघू का?”

“चूक नाहीये. मीसुद्धा तपासलं. तेव्हा तुम्ही होतात इथं.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “काय केलंत तुम्ही?”

“काही नाही.”

“असा विनय नका दाखवू हो. मी दोन वर्षं डोकं फोडतेय आणि तुम्ही सात महिन्यांत निम्म्यावर आणलंत. बुधवारी समिती बसतेय. तुमची पद्धत तिथं मांडा. मी अध्यक्षांशी बोललेय. निवृत्तीनंतर दोन वर्षं तुम्हाला सल्लागार म्हणून ठेवून घेऊ. बसायला खोली देऊ. तुम्हाला काय वाटतं?”

मला काय वाटलं ते मी त्यांना सांगितलं नाही. पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी दुसऱ्या देशात; रविवारी फोन करते, ‘बाबा, जेवलात का?’ विचारते आणि मी हो म्हणतो. घरात पुस्तकं आहेत, पण आवाज करणारा एकटा फ्रिज. निवृत्तीनंतरचे दिवस मी कॅलेंडरवर बघायचंही टाळत होतो. दोन वर्षं रोज कुठंतरी जायचं आहे, तिथं खुर्ची आहे, येणारा-जाणारा ‘काय साहेब’ म्हणतो आहे, एवढ्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

म्हणून पद्धत शोधायला बसलो. वाचनालयातून व्यवस्थापनावरची तीन पुस्तकं आणली. एका पुस्तकात नेत्यांचे प्रकार होते: हुकूम सोडणारा, सल्ला घेणारा आणि विश्वास टाकून बाजूला राहणारा. तिसरा प्रकार मला आवडला. चार दिवसांत चौदा पानं लिहिली. लिहिता लिहिता माझंच मला पटू लागलं. मी माणसांवर विश्वास टाकला होता, म्हणून ती फुलली होती! फक्त एक उदाहरण हवं होतं. मी कोणावर, कधी, कसा विश्वास टाकला, ते काही केल्या आठवेना.

कारण खरं जे आठवत होतं ते पानांवर घालण्यासारखं नव्हतं. प्रभारी झालो त्या पहिल्या दिवशी मी पावणेआठला बैठकीच्या खोलीत गेलो होतो. मुद्दे लिहिलेला कागद होता, आठ खुर्च्या नीट लावल्या होत्या. आठ वाजले. सव्वाआठ झाले. बाहेर पावलं वाजली, दाराशी थांबली. कोणीतरी हळूच म्हणालं, “आत आहेत. चल.” मग हसू आणि लांब जाणारी पावलं. मी काय ते समजलो. मला साहेब मानायला ते तयार नव्हते. जाऊन विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर त्यांनी तोंडावर सांगितलं असतं. पण मी साहेब होतो आणि बैठक आठची होती. मी जायला नको, असंही वाटेना. दुसऱ्या दिवशी परत गेलो. बरोबर पुस्तक नेलं.

मंगळवारी दुपारी मी उदाहरण मागायला तिसऱ्या मजल्यावर गेलो. तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणजे मजल्याची आईच. डॉक्टरसुद्धा त्यांना वचकून असत. त्या चादरी मोजत होत्या.

“सिस्टर, एक विचारायचं होतं. वेळ असेल तर. नसेल तर नंतर येतो.”

“अहो, आधी आत तरी या. उंबऱ्यावर उभं राहून काय विचारणार?”

मी तक्ता दाखवला. “माझ्या वेळी खाटा एवढ्या लवकर कशा मोकळ्या व्हायच्या?”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “हे तुम्ही मला विचारताय? तुम्हीच तर केलंत.”

“काय केलं?”

“आठची बैठक बंद केलीत की! सकाळी आठ ते नऊ म्हणजे आमचा लग्नमुहूर्त हो. डॉक्टर फिरून गेलेले असतात, घरी जाणारा कपडे घालून बसलेला असतो, नातेवाईक दारात. त्या तासात मी मजल्यावर असले, की कागद हलतो, औषधं येतात, साडेदहाला माणूस गाडीत. मी नसले की सगळं मारुतीच्या शेपटासारखं लांबतं. एकदा तो तास गेला की औषधवाला जेवायला, सहीवाला जेवायला, आणि पेशंट पिशवी मांडीवर घेऊन बसलाय. तोफ आम्हाला झापायची, की खाटा का अडतात? अरे बाबा, तू आम्हाला इथं उभं केलंयस म्हणून अडतात! मॅडम बिचाऱ्या गोड आहेत. पण चहा देऊन अडवलं काय आणि शिव्या देऊन अडवलं काय, अडवलेलं ते अडवलेलंच.”

“हे मॅडमना सांगितलं नाहीत?”

“त्या विचारतात, बैठकीत अजून काय हवं. बैठकच नको, असं कोणत्या तोंडानं सांगू? चहा पिऊन?”

“पण सिस्टर,” मी म्हणालो, “मी बैठक बंद केली नव्हती.”

“सूचना लावली होतीत ना, तुमच्या सहीची. मला तोंडपाठ आहे. ‘साहेब बदलले, तरी यापुढे सकाळी आठची बैठक होणार नाही.’ एवढंच. आम्ही म्हटलं, पहिल्यांदा कोणीतरी मुद्द्याचं बोललं.”

“आणि मी रोज त्या खोलीत बसायचो ते?”

“वाचत होता ना. आमच्यात सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांना वाचायला निवांत खोली हवी, म्हणून बैठकीला सुट्टी. मीच सगळ्यांना बजावलं होतं, आठ ते नऊ तिकडं कोणी फिरकायचं नाही, दाराशी पोरकटपणा करायचा नाही. त्या दिवशी दोघी हसत होत्या, त्यांना मी चांगलं झाडलं. प्रभारीपद सोडलंत तेव्हा निरोपाला वाचायचा दिवा दिला होता ना आम्ही तुम्हाला? तो काय उगीच?”

तो दिवा टोमणा आहे, असं समजून मी खोक्यासकट माळ्यावर टाकला होता.

खाली येऊन मी नोंदणी विभागात त्या महिन्याच्या सूचनांची फाईल काढली. स्वतःच्या भाषेची मला ओळख आहे. ‘दार उघडं आहे’ असं म्हणायचं असेल तर ‘दार बंद नाही’ असं मी लिहितो. ‘उद्या आठला बैठक आहे, या’ असं लिहायला मला हुकूम सोडल्यासारखं वाटलं असणार. म्हणून लिहिलं होतं:

‘साहेब बदलले, तरी यापुढे सकाळी आठची बैठक होणार नाही
असे कोणीही समजू नये.’

प्रत घेऊन मी जिन्याजवळच्या फलकापाशी गेलो. फलकाला लाकडी चौकट आहे आणि तिची खालची पट्टी चांगली चार बोटं रुंद. कागद आत सरकवला की तो पट्टीवर टेकत नाही, पट्टीमागे उतरतो. मी सरकवून पाहिला. पहिली ओळ दिसत होती. दुसरी ओळ, म्हणजे माझी सगळी विनंती, पट्टीमागे गेली होती. खाली जागा न उरल्यानं सही कडेला उजवीकडे, वरच्या बाजूला. तेवढी मात्र ठळक.

मी बराच वेळ तिथं उभा होतो. सात महिने मला वाळीत टाकलंय असं मी समजलो, आणि भिंतीपलीकडे सात महिने माझी झोपमोड होऊ नये तशी काळजी घेतली जात होती. यात हसावं की रडावं, ते कळेना. दोन्ही करायला जिना ही काही योग्य जागा नव्हती.

बुधवारी अकराला समिती बसली. अध्यक्ष म्हणजे जुने शल्यचिकित्सक, कानानं जरा कमी. दोन्ही बाजूंना चार सभासद, आणि कोपऱ्यात मोठ्या सिस्टर. मॅडमनी माझी ओळख करून दिली. “यांनी ओरडून नाही, तक्ते दाखवून नाही, नुसत्या विश्वासानं हे रुग्णालय चालवलं,” त्या म्हणाल्या. चौदा पानं समोर होती. ती वाचली असती तर खोटं एकही वाक्य नव्हतं त्यांत, निदान मला पकडता येईल असं. आणि सिस्टर काही बोलल्या नसत्या. मी सल्लागार झालेलं त्यांना चाललंच असतं. पण मग बैठक चालूच राहिली असती, वर माझ्या विश्वासाचीही एक बैठक सुरू झाली असती. कदाचित चारची.

“मला एवढंच सांगायचं आहे,” मी म्हणालो, “की ही पद्धत माझी नव्हती असं नाही...”

“काय?” अध्यक्षांनी कानामागे हात धरला. “होती की नव्हती?”

“नव्हती,” मी म्हणालो. आवाज मोठा आला. “आठची बैठक बंद होती म्हणून खाटा लवकर मोकळ्या झाल्या. सिस्टर त्या तासात मजल्यावर होत्या. आणि बैठक मी बंद केली नव्हती. माझी सूचना अर्धीच दिसली.” मी दोन्ही ओळी वाचून दाखवल्या.

एक सभासद फिस्‌कन हसले. मग सगळेच. अध्यक्षांना काय झालं ते शेजारच्यांनी कानात सांगितल्यावर ते उशिरा आणि सर्वांत जास्त हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी कोपऱ्यात पाहिलं. “सिस्टर, हे खरंय?”

“चहा चांगला असतो, मॅडम,” सिस्टर म्हणाल्या. “पण हो.”

“म्हणजे सात महिने तुम्ही काहीच केलं नाहीत?” अध्यक्षांनी मला विचारलं. दुष्टपणे नाही.

“सह्या केल्या. कागद आला त्याच दिवशी. बाकी, बसलो होतो.”

“कुठं?”

“बैठकीच्या खोलीत. आठ ते नऊ.”

“एकटेच? रोज?”

“रविवार सोडून.”

त्यावर कोणी हसलं नाही. अध्यक्ष चष्मा पुसायला लागले. मॅडम नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या, “उद्यापासून आठची बैठक नाही. मीच मजल्यांवर येत जाईन, काय अडलंय ते बघायला.”

“सूचना एका ओळीत लिहा,” एक सभासद म्हणाले, आणि पुन्हा हशा पिकला.

सल्लागाराचा विषय कोणी काढला नाही. सल्ला देऊन झाला होता. मॅडमनी दाराशी माझा हात हातात घेतला, काहीतरी म्हणणार होत्या, पण त्यांना फोन आला.

जिन्यात मोठ्या सिस्टरनी मला गाठलं. “काय हो साहेब, ती पानं वाचायची ना गुपचूप. मी काय चुगली करणार होते?”

“नाही, ते माहीत होतं.”

“मग? आता घरी बसून काय करणार?”

“वाचीन.”

“एकदा, एकदा तरी दार उघडून विचारायचं होतं हो. ‘बायांनो, का येत नाही?’ म्हणून.”

“तुम्हीही विचारायचं होतं.”

“आम्ही? तुम्ही वाचत होता!” त्या जवळजवळ रागावून म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघत राहिल्या, आणि मला वाटलं, आता त्या बोलतील, आणि मीही बोलेन. पण वरून कोणीतरी “सिस्टर, नऊ नंबर!” म्हणून हाक मारली. “आले, आले,” करत त्या दोन-दोन पायऱ्या चढत गेल्यासुद्धा.

मी तिथंच उभा होतो. वरून एक म्हातारे गृहस्थ कठडा धरून एक एक पायरी उतरत आले, मागे त्यांची बायको, दोन्ही हातांत पिशव्या. मनगटावरचा रुग्णालयाचा कागदी पट्टा त्यांनी काढला नव्हता.

“काका, बाहेर जायचं दार कुठल्या बाजूला?” बाईंनी विचारलं.

“चला माझ्याबरोबर,” मी म्हणालो, आणि त्यांच्या हातातली एक पिशवी घेतली.