कोपऱ्यातलं नाव

पंपाच्या पॅनेलचं सर्किट ब्राह्मीनं तीन आठवडे खपून संगणकावर काढलं होतं. आठ तारांची मिळून एक जाड रेघ, म्हणजे बस; आणि तिच्यातून फुटणाऱ्या प्रत्येक तारेवर त्या तारेचं नाव. सॉफ्टवेअर ती जाड रेघ बघतच नाही, नाव बघतं. दोन्ही टोकांना एकच नाव असलं तरच तार जोडली जाते.

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात ती नोकरीला होती, त्याचे मालक महादेवअण्णा यांना ती नावं गिचमीड वाटली. गिऱ्हाइकाला चित्र स्वच्छ दिसावं म्हणून ते स्वतःच ती पुसायला बसले.

"अण्णा, नावं काढू नका. सगळ्या तारा सुटतील," ब्राह्मी म्हणाली.

"रेघ जोडलेली दिसतीया न्हवं? मग झालं की. मला शिकवू नको."

फाईल तशीच गेली. दोनशे बोर्ड बनून आले, एकही चालला नाही.

सर्किटच्या कोपऱ्यात ते कुणी काढलं हे लिहायची चौकट असते. चार वर्षं ब्राह्मीच्या प्रत्येक सर्किटवर तिथं अण्णांचंच नाव असायचं. आज चिडलेल्या गिऱ्हाइकाला पाठवायच्या कागदावर पहिल्यांदाच तिथं ठळक अक्षरांत 'ब्राह्मी मगदूम' असं होतं. हे नाव मात्र अण्णांना गिचमीड वाटलं नव्हतं.