सातवी ब मधला तडकलेला फोन

मी एक तडकलेला मोबाइल फोन बोलतोय. आजवर माझ्यातून दुसरीच माणसं बोलली. आता माझी बॅटरी फुगली आहे, मागचं झाकण नीट बसत नाही, तेव्हा राहिलेलं बोलून घेतो.

तनुजानं मला पुण्यात बुधवार पेठेतल्या मोबाइलच्या दुकानातून आणलं, तेही वापरलेलंच. ती कर्वेनगरच्या सोसायट्यांमध्ये पोळ्या करते, त्यामुळे माझ्या अंगाला कायम पीठ. एकदा ओट्यावरून पडलो आणि काच तडकली. तिनं दुसरा फोन घेतला, पण मला टाकून काही दिलं नाही. तिची मुलगी उत्कर्षा तेव्हा नुकतीच सातवीत गेली होती. पालकसभेत गणिताच्या नीरजाबाईंनी सांगितलं, "घरात जुना फोन पडून असेल तर वर्गाला द्या. बंद नको, फुटका चालेल."

तनुजा मला घेऊन गेली. देताना म्हणाली, "बाई, हिचं गणित तेवढं बघा. मी सातवीत अपूर्णांकांपाशीच शाळा सोडली. हिचं तसं व्हायला नको, रात्रंदिवस तेच डोक्यात असतं माझ्या."

"मी आहे ना," बाई म्हणाल्या.

आणि होत्याच. बाईंनी मला वायरनं वर्गातल्या टीव्हीला जोडलं. त्यांची रीत वेगळीच होती. बरोबर आलेलं गणित त्या पाहायच्याच नाहीत. चुकलेल्या गणिताचा फोटो काढायच्या, वहीवरच्या नावावर अंगठा ठेवून. मग ते गणित टीव्हीवर लावून विचारायच्या, "हा माणूस वाट कुठं चुकला?"

एकदा उत्कर्षाचंच गणित लागलं. अर्धा अधिक पाव, उत्तर दोन षष्ठांश. तिनं वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली.

"अर्धी भाकरी होती, त्यात पाव घातली," बाई म्हणाल्या. "आता दोन षष्ठांश म्हणजे एक तृतीयांश. मग भाकरी अर्ध्यापेक्षा कमी कशी झाली?"

उत्कर्षा म्हणाली, "बाई, मधल्या मधे आमोदनं खाल्ली असणार."

सगळा वर्ग हसला, आमोदसुद्धा. उत्कर्षा हसत हसत उठली, टीव्हीपाशी गेली आणि कुठं चुकलं ते तिनंच दाखवलं. माझ्या पोटात अशी साडेतीनशे चुकलेली गणितं होती. माझ्या आयुष्यातली तेवढीच काय ती श्रीमंती.

मग तंत्रज्ञान वापरणाऱ्या गणित शिक्षकांच्या पुरस्काराचं पत्रक आलं. मुख्याध्यापकांनी बाईंचं नाव पाठवायचं ठरवलं आणि मला हातात घेऊन फोटो पाहू लागले.

"अहो बाई, हे सगळं चुकीचंच आहे की. हे पाठवलं तर पुरस्कार राहील बाजूला, शाळेची चौकशी लागेल."

"सर, काम तर हेच आहे."

"काम असू दे. कागद बरा दिसला पाहिजे."

त्यांनी मुलांना नव्या कोऱ्या पानांवर बरोबर गणितं उतरवायला लावली, सुबक अक्षरात, लाल शाईच्या चौकटी मारून. त्या पानांचे फोटो काढले. जुने सगळे पुसले. बाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. दोन शब्द आणखी बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

पुरस्कार मिळाला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि नवा टॅब. फोटोच्या वेळी बाईंनी मला टेबलावर ठेवलं, तर कुणीतरी म्हणालं, "तो फुटका फोन जरा आत घ्या." घेतला. भाषणं झाली. शेवटी जाहीर झालं, की अशा गुणी बाईंचा उपयोग एकाच शाळेला का व्हावा? त्यांनी आता बाकीच्या शिक्षकांना प्रशिक्षण द्यावं. टाळ्या पडल्या.

"महिन्याभरात येते," बाई वर्गाला म्हणाल्या. मला उत्कर्षाच्या हातात दिलं. माझ्यात त्यांनी धड्यांचे व्हिडिओ भरून ठेवले होते.

आज पाच महिने झाले. तासाला पी.टी.चे सर येतात, हजेरी घेतात, मला टीव्हीला जोडून व्हिडिओ लावून देतात आणि मैदानाकडे बघत बसतात. तनुजा शाळेत विचारायला गेली.

"ताई, तुमच्या बाई आता दोनशे शिक्षक घडवतायत," मुख्याध्यापक म्हणाले. "अभिमान वाटायला हवा तुम्हाला."

"वाटतो की सर. पण सातवी ब ला कोण घडवतंय?"

"व्हिडिओ आहेत ना."

आहेत. माझ्यातच आहेत. उत्कर्षा रोज संध्याकाळी घरी मला डब्याला टेकवून बसते. बाई माझ्यातून छान समजावतात, कुठं अडखळत नाहीत. ती मधेच थांबवते, विचारते, "पण इथं छेद का बदलला, बाई?" परत सुरू करते. बाई पुढचं सांगू लागतात. ती मागे नेते, पुन्हा विचारते. मला उत्तर येत नाही. ओट्यापाशी उभ्या असलेल्या तनुजालाही येत नाही.

परवा सराव परीक्षेचा पेपर मिळाला. चाळीसपैकी सहा. बाई असतानाच्या चाचणीला वीसपैकी सतरा होते. तनुजा काही बोलायच्या आत पोरगी म्हणाली, "जाऊ दे ना आई. तूही सोडलंसच की. तुझं कुठं काय अडलं?"

तव्यावरची पोळी करपली, तरी तनुजानं ती उलटली नाही.

माझे फार दिवस राहिलेले नाहीत. सत्कार करणाऱ्या मोठ्या माणसांनो, एवढंच मागतो. बाईंची शाल परत घ्या, टॅब परत घ्या, हवं तर नावही यादीतून काढा. सातवी ब चा गणिताचा तास तेवढा त्यांना परत द्या. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये आहे.